मेक्सिकोचं नमुना नाणं हाती आलं तर: आधी वजन, मग कड, मग किंमत

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेक्सिकोची दुर्मिळ नमुना नाणी जमवायची आहेत आणि पुढे त्यातली काही विकायचीही आहेत. सध्या एका जुन्या संग्रहातून ‘एन्सायो’ असं कोरलेला तांब्याचा नग स्वस्तात मिळतो आहे. तो घ्यावा का? खरं-खोटं कसं ओळखायचं, किंमत कशी लावायची आणि विकायचं कुठे?

तांब्याच्या नगापासूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यातून उलगडत जातं. एन्सायो म्हणजे चाचणी. हा शब्द नाण्यावर असला म्हणून ते टांकसाळीतून आलं असं सिद्ध होत नाही, आणि नसला म्हणून ते नमुना नाणं नाही असंही होत नाही. टांकसाळीने खरोखर पाडलेल्या अनेक नमुन्यांवर असं काहीही लिहिलेलं नसतं. उलट खाजगी लोकांनी संग्राहकांना विकण्यासाठी पाडलेल्या काल्पनिक नाण्यांवर हा शब्द ठळकपणे घातलेला सापडतो. तेव्हा शब्दाला शून्य गुण द्या. धातू, वजन, कड, ठशाची जात आणि नगाचा मागचा प्रवास, या पाच गोष्टींवर निर्णय घ्या. त्यातली एकही तपासू देत नसतील तर स्वस्त असला तरी तो नग सोडा.

आता शब्द नीट लावून घेऊ, कारण विक्रेते सगळ्यालाच ‘पॅटर्न’ म्हणतात आणि भावातला निम्मा घोळ तिथेच होतो. नवीन आकृती किंवा नवं मूल्य कसं दिसेल हे पाहण्यासाठी टांकसाळीने पाडलेला नग म्हणजे नमुना नाणं. ठसा नीट कोरला गेला आहे का हे बघायला शिशावर किंवा कथिलावर, बऱ्याचदा एकाच बाजूने उठवलेली छाप म्हणजे ठसाचाचणी. चलनातल्याच ठशाने वेगळ्या धातूवर मुद्दाम पाडलेलं नाणं हा तिसरा प्रकार. आणि चुकून दुसऱ्याच नाण्याची कोरी चकती ठशाखाली गेली तर ती नुसती टांकसाळीची चूक. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात गल्लत फार होते. फरक बघायचा तो चकतीत: चुकून गेलेल्या चकतीचं वजन आणि व्यास त्या काळच्या दुसऱ्या एखाद्या नाण्याशी जुळतात, आकृती कडेला कापली जाते किंवा अर्धवट उठते. मुद्दाम पाडलेल्या नगात चकती ठशाच्या मापाची असते आणि आकृती पूर्ण भरते. यापलीकडे पदकं आहेत. १८२२ मध्ये इतुर्बिदे मेक्सिकोचा सम्राट झाला तेव्हाची राज्यारोहणाची पदकं ८ रेआलच्या, म्हणजे तिथल्या जुन्या मोठ्या चांदीच्या नाण्याच्या, आकाराची मिळतात आणि ‘नमुना’ म्हणून विकली जातात. ती सुंदर आहेत, जमवण्यासारखीही आहेत, पण ती नाणी नव्हेत आणि त्यांचा भाव वेगळा.

मेक्सिकोत नमुन्यांना एवढं महत्त्व का, हे समजून घेतलं तर कुठला नग अर्थपूर्ण आणि कुठला निरर्थक हे आपोआप कळू लागतं. मेक्सिको सिटीची टांकसाळ, कासा दे मोनेदा, १५३५ च्या राजाज्ञेने सुरू झालेली अमेरिका खंडातली पहिली. तिचं ८ रेआलचं चांदीचं नाणं जगभर चालायचं, चीनमध्ये तर विशेष. प्रजासत्ताकाने १८६९ मध्ये एका बाजूला तराजू, तलवार आणि कायद्याची गुंडाळी असलेला नवा पेसो काढला. चांदी तेवढीच होती, कस तोच, पण चिनी व्यापाऱ्यांना टोपी आणि किरणांचं जुनं चित्र ओळखीचं होतं. त्यांनी नव्याला बट्टा लावला आणि १८७३ मध्ये सरकारला मुकाट्याने जुन्या ८ रेआलवर परतावं लागलं. चित्र बदलणं म्हणजे निर्यात धोक्यात घालणं, ही गाठ इथे पक्की बसली. म्हणून एखादा बदल कागदावर आणि ठशावर तयार होऊनही चलनात न येणं यात नवल नाही. ज्या नमुन्यामागे असा खरा प्रस्ताव दिसतो, म्हणजे नवं मूल्य, नवा धातू, नवा कोरक्या, त्याला पुढेही गिऱ्हाईक असतं. ज्यामागे काहीच दिसत नाही, केवळ चलनी नाण्याचं चित्र वेगळ्या धातूवर, त्याला मी कमी मोल देतो.

नमुना ओळखायला आधी चलनातलं नाणं पाठ हवं. मेक्सिकोपुरते काही आकडे डोक्यात असू द्या. ८ रेआल आणि त्यानंतरचा पेसो: २७.०७ ग्रॅम, कस ०.९०३. मेक्सिकोचा सम्राट मॅक्सिमिलियन याचा १८६६-६७ चा पेसो याच मापाचा. त्यावर नावालोन, ओकाम्पो आणि स्पिरितु या कोरक्यांची नावं आहेत. मॅक्सिमिलियनचं सोन्याचं २० पेसो फक्त १८६६ चं, ३३.८४ ग्रॅम, कस ०.८७५, आणि एकूण ८,२७४ नग. स्वातंत्र्याच्या शताब्दीचा ‘काबायितो’ पेसो, म्हणजे घोड्यावर बसलेली, हातात मशाल उंचावलेली स्वातंत्र्यदेवता, फ्रेंच कोरक्या शार्ल पिये याची. १९१० ते १९१४, वजन तेच २७.०७ ग्रॅम, व्यास ३९ मिलिमीटर. याचेच १९०९ साल असलेले नमुने आहेत आणि मेक्सिकोच्या विसाव्या शतकातल्या नाण्यांत त्यांच्यामागे लोक सर्वाधिक धावतात. चलनी काबायितोत १९१४ चे १,२०,००० नग निघाले, १९१२ चे ३,२२,०००, आणि १९१० चे ३८ लाखांहून अधिक. हे आकडे मुद्दाम दिले. १९१० चा साधा पण सुरेख काबायितो आधी विकत घ्या आणि महिनाभर हाताळा. घोड्याच्या मानेची आयाळ, देवतेच्या वस्त्राच्या चुण्या आणि सूर्याची किरणं भिंगाखाली पाहून ठेवा. १९०९ चा म्हणून समोर आलेला नग पारखायची त्याहून चांगली शाळा नाही.

एकोणिसाव्या शतकात मेक्सिकोत वेगवेगळ्या काळी १४ टांकसाळी चालल्या आणि १९०५ पर्यंत प्रांतांतल्या सगळ्या बंद झाल्या. नाण्यावर टांकसाळीची खूण असते (मेक्सिको सिटीची ‘एम’ आणि त्याच्या डोक्यावर चिमुकला ‘ओ’) आणि शेजारी कस तपासनिसाची आद्याक्षरं. साकातेकासला १८८६ ते १९०५ ‘एफ झेड’, ग्वानाह्वातोला १८९१ ते १९०० ‘आर एस’, अशा या जोड्या ठरलेल्या आहेत. खूण एका गावची, आद्याक्षरं दुसऱ्या गावची आणि साल तिसऱ्याच काळचं, अशा ‘नमुन्या’वर वेळ घालवू नका.

आता काटा. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, प्लास्टिक जबड्यांचा व्हर्नियर, दहा पटीचं भिंग, बारीक शिवणाचा दोरा आणि एक पेला, एवढ्यावर निम्मी परीक्षा होते. नाणं सराफाकडे मात्र नेऊ नका. तो सवयीने कसोटीवर घासेल, आणि त्या एका रेघेने नगाची निम्मी किंमत जाईल.

घनता अशी काढा. नाण्याचं कोरडं वजन लिहून घ्या. पेल्यात उकळून गार केलेलं किंवा शुद्ध केलेलं पाणी घेऊन पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला दोऱ्याची सैल गाठ मारून ते पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. दोरा हातात धरलेलाच राहील. अक्षरांच्या खाचांत बुडबुडे अडकतात. हलकेच हलवून ते सोडवा, नाहीतर आकडा फसवा येतो. काटा जे दाखवेल ते नाण्याचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. २७.०७ ग्रॅमच्या खऱ्या ०.९०३ कसाच्या नाण्याला काटा २.६२ च्या आसपास थांबतो आणि घनता १०.३ येते. तेवढ्याच वजनाचा तांबं-निकेलचा नग ३.०४ च्या जवळ जातो, घनता ८.९. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, काट्याला लपत नाही. शुद्ध तांब्याची घनता ८.९६, कथिलाची ७.३, शिशाची ११.३, ०.९०० सोन्याची १७.२ च्या सुमारास. दोन सावधगिऱ्या: मूळचा लाल तजेला टिकून असलेलं तांब्याचं नाणं पाण्यात घालू नका, त्यावर डाग उमटतील. आणि अर्ध्या ग्रॅमच्या चिमुकल्या नगाला ही परीक्षा लागूच पडत नाही, कारण तिथे काट्याची चूक उत्तराच्या मानाने फार मोठी होते.

हॉलमार्क केंद्रांत असतं ते क्ष-किरणांचं यंत्र नाण्याला इजा करत नाही, म्हणून ते चालेल. पण ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. चांदीचा मुलामा दिलेलं पितळ त्याला चांदी वाटू शकतं, आणि जुन्या खऱ्या चांदीच्या नाण्याचा पृष्ठभाग आतल्यापेक्षा थोडा जास्त कसाचा दिसू शकतो. म्हणून यंत्राचा आकडा आणि पाण्याचा आकडा एकत्र वाचा. दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर धातूपुरतं मन निश्चिंत.

नमुन्यांच्या बाबतीत वजनाची आणखी एक खोच आहे. चलनी नाण्याची चकती मापून काढलेली असते. नमुन्यासाठी कधी हाताशी असेल ती चकती वापरली जाते, त्यामुळे अस्सल नगाचंही वजन हलतं. म्हणून नुसतं वजन चुकलं म्हणून नग फेकू नका. व्यास आणि दळ (जाडी) मोजा. व्यास ठशाशी जुळतो, धातू पटतो आणि फक्त दळामुळे वजन कमी-जास्त आहे, तर ती शंका मिटते. दळ दुप्पट असेल तर तो जाड चकतीवर मुद्दाम पाडलेला भेटीचा नग असू शकतो आणि त्याची नोंद वेगळी होते.

कडेकडे नवखे लोक बघतच नाहीत, आणि तिथेच चोर सापडतो. नाणं दोन बोटांत उभं धरा, दिवा एका बाजूला ठेवा आणि सावकाश फिरवा. वसाहतकाळातल्या, राजाचा चेहरा असलेल्या ८ रेआलच्या कडेवर वर्तुळ आणि आयत आलटून पालटून असतात. ती नक्षी दोन पट्ट्यांमधून चकती लोळवून उठवत, त्यामुळे पट्ट्या जिथे एकमेकींवर चढतात तिथे नक्षी गिजबिजते, आणि अशा जागा समोरासमोर दोन मिळतात. एकच जागा असेल किंवा नक्षी यंत्रासारखी सलग असेल तर थांबा. १९२१ च्या ५० पेसोच्या सोन्याच्या नाण्याच्या कडेवर ‘स्वातंत्र्य आणि मुक्ती’ अशा अर्थाची स्पॅनिश अक्षरं आहेत. अशा नाण्याच्या नमुन्याची कड साधी असेल तर ते बाद होण्याचं कारण नाही, ती अक्षरं पुढच्या टप्प्यात येत. पण कडेवर मधोमध बारीक शिवण, कानशीचे आडवे ओरखडे किंवा एकाच ठिकाणी घासून सपाट केलेला भाग दिसला तर ओतीव किंवा जोडलेला नग समजा. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नक्कल नाण्यावर ‘कॉपी’ असं उठवावं लागतं. तो शब्द घासून काढलेले नग बाजारात फिरतात, आणि ती घासाघीस तिरप्या उजेडात मोकळ्या जागेत हलक्या खळग्यासारखी दिसते.

मोकळ्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं, गुळगुळीत वळलेली अक्षरं आणि साबणासारखा स्पर्श ही ओतल्याची लक्षणं. मात्र मेक्सिकोच्या क्रांतीकाळातल्या नाण्यांना हा नियम जसाच्या तसा लावू नका. १९१४-१५ च्या ग्वेर्रेरो आणि ओआहाकाच्या अस्सल नाण्यांतच ओबडधोबडपणा आहे. क्रांतिकारक झापाताच्या बाजूच्या २ पेसोत तर चांदीत थोडं सोनंही आहे. या काळातले तांब्याचे नग नमुना म्हणून फार येतात. सुरुवातीची पाच वर्षं तरी या भागात पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आणखी एक सापळा म्हणजे १८६५ साल असलेली, मॅक्सिमिलियनच्या तोंडवळ्याची चिमुकली सोन्याची चकती. ती प्रवाशांसाठी केलेली आठवणवस्तू, बऱ्याचदा हलक्या कसाची. वर्षानुवर्षं ‘सम्राटाचा दुर्मिळ नमुना’ म्हणून ती विकली जाते. तिला सोन्याच्या भावापलीकडे काही देऊ नका.

मग जमवायचं काय? एक धागा धरा. मॅक्सिमिलियनचं दशमान चलन आणि काबायितोचा परिवार हे दोन धागे मला सगळ्यांत भक्कम वाटतात, कारण तिथे फक्त नमुन्यांचे संग्राहक येत नाहीत. साम्राज्याच्या इतिहासाचे, मोठ्या चांदीच्या नाण्यांचे आणि फ्रेंच कोरक्यांच्या कामाचे चाहतेही त्याच बोलीत उतरतात. विकताना हेच कामी येतं. जगात दोनच नग आहेत पण मागणारा एकच आहे, असं नाणं स्वस्तातच जातं. संग्राहकांच्या मोजपट्टीत ‘आर ७’ म्हणजे ४ ते १२ नग आणि ‘आर ८’ म्हणजे १ ते ३. ही मोजपट्टी किती आहेत ते सांगते, किती जणांना हवे आहेत ते नाही.

किंमत ठरवायला स्वतःची वही करा. एका प्रकाराचे जेवढे नग गेल्या वीस-तीस वर्षांच्या लिलावांत दिसले तेवढे सगळे मांडा: तारीख, वजन, दर्जा, अंतिम किंमत, छायाचित्र. मग छायाचित्रं शेजारी ठेवून ओरखडे, कडेचे ठोके आणि डागांची जागा जुळवा. दहा विक्री नोंदी प्रत्यक्षात तीनच नगांच्या निघतात असं वारंवार होतं. दर्जा देणाऱ्या कंपन्यांची संख्यासूची, म्हणजे कुठल्या प्रकाराचे किती नग तपासले याची यादी, हीही अशीच फुगते: वरचा दर्जा मिळावा म्हणून लोक कंपनीने बंद करून दिलेल्या डबीतून नाणं फोडून पुन्हा पाठवतात आणि एकच नग दोनदा मोजला जातो. मागच्या संग्राहकांची नावं, जुनी पाकिटं, लिलावाच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. नमुन्याच्या बाबतीत हा कागद धातूइतकाच मोलाचा असतो, कारण टांकसाळीतून नग बाहेर कसा आला याचं उत्तर तोच देतो.

साफसफाई अजिबात नाही. चिंच, लिंबू, पितांबरी तर नाहीच, मऊ कापडाने पुसणंही नाही. जुन्या प्लास्टिक पाकिटामुळे हिरवट चिकट थर आला असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये काचेच्या भांड्यात काही मिनिटं बुडवून, न घासता हवेत वाळवा. नखपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तांब्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. पुड्या दर पावसाळ्यात बदला.

विक्रीआधी पीसीजीएस किंवा एनजीसी या दर्जा देणाऱ्या अमेरिकी कंपन्यांपैकी एकीचा दाखला घ्या. महागड्या नमुन्याला डबीशिवाय परदेशी बोलीदार पूर्ण भाव देत नाहीत. पाठवताना प्रकार, धातू, वजन आणि तुमच्या वहीतल्या जुळणाऱ्या विक्रीची नोंद सोबत जोडा. तिथल्या माणसापुढे असे नग क्वचित येतात आणि चुकीचा प्रकार चिठ्ठीवर छापला गेला की तो निस्तरण्यात महिने जातात.

जागेचं म्हणाल तर ओळखीच्या, मागणी असलेल्या नगाला मोठा लिलाव, आणि फक्त जाणकारांनाच कळेल अशा नगाला थेट त्या जाणकारांची बैठक. न्यूयॉर्कला जानेवारीत आणि अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनचं ऑगस्टमध्ये असं मोठं प्रदर्शन भरतं, त्याला जोडून लिलाव होतात. मेक्सिकन नाण्यांच्या अमेरिकी संघटनेचं संमेलन अॅरिझोनात स्कॉट्सडेलला होतं आणि मेक्सिको सिटीत १९५२ पासूनची सोसिएदाद नुमिस्मातिका आहे. ठशातला बारीक फरक तिथल्या माणसांना डबीवरची चिठ्ठी न वाचता कळतो. लिलावाचा हिशेब आधी मांडा. हातोडा ५,००० डॉलरवर पडला आणि खरेदीदाराकडून २० टक्के घेत असतील, तर तो ६,००० देतो. विक्रेत्याची १० टक्के दलाली असेल तर तुमच्या हाती ४,५००. मधले १,५०० लिलावघराचे. चांगल्या नगावर विक्रेत्याची दलाली शून्यावर आणता येते, पण ते करारावर सही करायच्या आधी मागावं लागतं. किमान किंमत फार वर ठेवू नका. न विकलं गेलेलं दुर्मिळ नाणं सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि पुढची दोन-तीन वर्षं त्याला तो डाग राहतो.

शेवटी कायद्याचं, कारण इथे मराठी माणसाची खास अडचण होते. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं कोणतंही नाणं पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार खाजगी माणसाला नाही. म्हणजे अमेरिकेत, समजा ह्यूस्टनमध्ये, घेतलेला १८६६ चा किंवा १९०९ चा नग हौसेने पुण्याच्या घरी आणून ठेवला, तर तो पुन्हा न्यूयॉर्कच्या लिलावाला पाठवणं अशक्यप्राय होऊन बसतं. विकायचा विचार असेल तर तो अमेरिकेतच बँकेच्या लॉकरमध्ये राहू द्या आणि त्याचा विमा वेगळा उतरवा, घराच्या साध्या विम्यात नाण्यांना फार थोडी रक्कम मिळते. अमेरिकेत वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या संग्राह्य वस्तूच्या नफ्यावर केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो. तो फक्त नफ्यावर असतो, म्हणून खरेदीची पावती, दाखल्याचं शुल्क आणि टपाल-विम्याच्या पावत्या त्याच पाकिटात, नाण्याच्या वजनाच्या चिठ्ठीशेजारी ठेवा. त्या तांब्याच्या नगासाठीही विक्रेत्याकडे आधी एवढंच मागा: ०.०१ ग्रॅमपर्यंतचं वजन, व्यास, कडेची तीन छायाचित्रं, आणि पटलं नाही तर परत करण्याची लेखी मुदत.